दोन अर्जुनी आणि एक इटॅलिक निब

गोंदियाच्या बाजारात तांदळाचं दुकान शोधावं लागत नाही, शाईपेनाचं मात्र शोधावं लागतं. गोरेलाल चौकाच्या आसपास एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात शिरून "भाऊ, शाईचा पेन आहे का जी?" असं विचारलं, की दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या केसांकडे बघतो. केस पांढरे असले तर मामला पेन्शनचा आहे असं समजून तो आदराने बोलतो. काळे असले तर पोराच्या शाळेत हस्ताक्षर स्पर्धा निघालेली दिसते, असा त्याचा कयास असतो. केसच नसले तर तो काहीही न बोलता जेल पेनांचा डबा पुढे सरकवतो.

"जेल घेऊन जा ना जी, तसाच चालते."

गिऱ्हाईक हटून बसतं. शाईचाच हवा, आणि त्याला इटॅलिक निब हवं. यावर दुकानदार क्षणभर विचार करतो आणि विचारतो, "कोणत्या कंपनीचं आहे हे इटॅलिक?"

असा गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी असतो. तो निवृत्त मुख्याध्यापक असेल, तहसील कचेरीतला अव्वल कारकून असेल किंवा राइस मिलच्या कॅबिनमधला हिशेबनीस. एके रात्री मोबाइलवर त्याने कुणाचा तरी हात लिहिताना पाहिलेला असतो. रेघ जाड होते, बारीक होते, पुन्हा जाड होते, आणि साधं किराणा सामानही राजपत्रासारखं दिसू लागतं. तेव्हापासून त्याची झोप उडालेली असते. अक्षराला वळण लागायला वर्षं जातात, हे त्यानेच आयुष्यभर पोरांना सांगितलेलं असतं. पण निब बदललं तर आठवड्यात काम होईल, असं आता त्याला वाटू लागतं.

त्याची आशा अगदीच खुळी नाही. साध्या शाईपेनाच्या टोकाला कठीण धातूचा इवलासा गोळा जोडलेला असतो, त्यामुळे कुठल्याही दिशेला ओढली तरी रेघ सारखीच उमटते. इटॅलिक निबाचं टोक गोल नसतं, सपाट कापलेलं असतं. धारेच्या दिशेने ओढलं की बारीक रेघ, धारेला आडवं ओढलं की जाड. हात दाबावा लागत नाही, कसब दाखवावं लागत नाही. जाड-बारीकपणा निबातच असतो, लिहिणाऱ्याने फक्त निब फिरू द्यायचं नाही. न फिरू देणं हेच अवघड असतं, ही गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही.

या निबाची तीन भावंडं आहेत. पहिलं कडक इटॅलिक. त्याचे कोपरे धारदार असतात, रेघ देखणी येते आणि हात जरा कलला की कोपरा कागदात रुततो. दुसरं स्टब. त्याचे कोपरे घासून गोल केलेले असतात; ते कुणाशीही जुळवून घेतं, पण जाड आणि बारीक यांतला फरक दाखवायला जरा लाजतं. या दोघांच्या मधलं ते कर्सिव्ह इटॅलिक, भरभर लिहिणाऱ्यांसाठी. आपल्या गृहस्थाला अर्थातच कडक हवं असतं. नोकरीत जो कडक होता, तो निवृत्तीनंतर स्टब कसा घेईल?

मग येतो रुंदीचा प्रश्न. लॅमीसारख्या जर्मन कंपनीच्या पेनांना १.१, १.५ आणि १.९ मिलिमीटरची निबं मिळतात, आणि नवखा माणूस "घ्यायचंच तर दणकट घेऊ" म्हणून दीडवर बोट ठेवतो. इथे जरा गणित मांडायला हवं. इटॅलिक वळणाच्या इंग्रजी अक्षरांचा एक जुना हिशेब आहे: छोट्या अक्षराची उंची निबाच्या रुंदीच्या साधारण पाचपट. म्हणजे १.१ च्या निबाला साडेपाच मिलिमीटर आणि दीडच्या निबाला साडेसात. आपल्या रेघी वहीत दोन ओळींमधलं अंतर असतं आठ मिलिमीटरच्या आसपास. इंग्रजी तेवढ्यात कसंबसं निभावून नेईल. मराठीला वर वेलांट्या, मात्रा आणि रफार लागतात, खाली उकार आणि पाय मोडके लागतात. दीडच्या निबाने "पूर्णकुटुंबीय" लिहायला घेतलं की वरचा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतो. "क्ष" आणि "ष" यांची पोटं भरून जातात आणि "श्री" तर शाईचा डाग म्हणूनच कागदावर अवतरते.

म्हणून रोजच्या मराठी लिखाणाला ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपासचं कर्सिव्ह इटॅलिक पुरतं. १.१ हे पाकिटावरच्या पत्त्याला, लग्नपत्रिकेवरच्या नावांना आणि वहीच्या पहिल्या पानाला. १.५ आणि १.९ ही मापं गणेशोत्सवाच्या फलकासाठी राखून ठेवावीत.

पण खरी फसगत रुंदीत नाही, तिरकेपणात आहे.

इटॅलिक वळणाचा जन्म पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचा. निक्कोलो निक्कोली नावाच्या ग्रंथवेड्या गृहस्थाने जुन्या पोथ्या भरभर उतरवून घेताना हे वळण वापरलं, आणि लुडोविको आरिघी याने १५२२ साली रोममध्ये त्याचा कित्ताच छापून काढला. पुढे ते मागे पडलं. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आल्फ्रेड फेअरबँक यांनी १९३२ च्या आपल्या हस्ताक्षराच्या पुस्तकातून ते पुन्हा शाळा-कचेऱ्यांत आणलं. म्हणजे पाच शतकं हे निब रोमन लिपीच्याच तालमीत घुमलेलं. उजव्या हाताच्या माणसाचं पेन उजव्या खांद्याकडे कललेलं असतं, त्यामुळे सरळ कापलेल्या निबाची धार कागदावर खालून डावीकडून वर उजवीकडे चढते. त्या धारेने काढलेला रोमन "ओ" वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतो.

देवनागरीचा बोरू याच्या नेमका उलट कापलेला असतो. त्याची धार वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरते. जुन्या पोथीतला किंवा चांगल्या टाइपातला "ठ" निरखून पाहिला, तर त्याचा जाडपणा वर डावीकडे आणि खाली उजवीकडे सापडतो. मराठी माणूस महागाचं परदेशी इटॅलिक निब आणतो, मनापासून "ठाणेदार" लिहितो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटून पुन्हा पुन्हा बघत राहतो. अक्षर सुबक असतं, जाड-बारीक असतं, पण मराठी शाळेत इंग्रजीच्या बाई मराठीचा तास घेताहेत असं दिसतं. दोष ना हाताचा असतो ना निबाचा. दोघांची शाळा वेगळी आहे.

या दोन शाळा शेजारी शेजारी बघायच्या असतील तर भारताच्या संविधानाची मूळ प्रत उत्तम. इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी वाहत्या इटॅलिक वळणात हाताने लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी देवनागरीत. रायजादांनी मानधन नाकारलं. त्याऐवजी प्रत्येक पानावर आपलं नाव आणि शेवटच्या पानावर आपल्या आजोबांचंही नाव लिहू द्या, एवढंच मागितलं. त्यांच्या हातात शाईपेन नव्हतं, दौतीत बुडवायचा टाक होता. एकाच देशाचे तेच हक्क, तीच कलमं, आणि दोन्हीकडे जाड रेघांचा कल विरुद्ध. दोन्ही प्रती आज संसदेच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत अजून कुणी निब बदला असा सुधारणा प्रस्ताव आणलेला नाही.

बोरूच्या काळात ही पंचाईतच नव्हती. लिहिणारा स्वतः चाकू घेऊन बसायचा आणि आपल्या हाताला, आपल्या लिपीला, त्या दिवशीच्या कागदाला जुळेल असं टोक कापायचा. पेशवे दफ्तरातल्या मोडी कारकुनांनी आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, ही पद्धत. त्यांना १.१ घ्यावं की १.५, असा प्रश्न कुणी विचारला नाही. टोक बोथट झालं की पुन्हा तासायचं, एवढंच. आणि गोंदिया जिल्ह्याचा दाखला द्यायचा तर थेट आठव्या शतकात जाता येतं. उत्तररामचरित लिहिणारा भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं मानलं जातं. एवढी मोठी नाटकं त्याने कोणत्या रुंदीच्या टोकाने लिहिली, यावर इतिहास गप्प आहे. यावरून त्याच्या काळी स्टेशनरीची दुकानं नव्हती एवढं मात्र सिद्ध होतं.

आजच्या लेखनिकाला चाकू चालवता येत नाही, म्हणून तीन वाटा उरतात. पहिली, तिरकं कापलेलं निब घेण्याची. परदेशी कारागीर अशा निबांना डाव्या पायाचं आणि उजव्या पायाचं म्हणतात, कारण वरून पाहिलं तर टोक त्या त्या पावलाच्या बोटांसारखं उतरतं. उजव्या हाताने देवनागरी लिहिणाऱ्याला उजव्या पायाचं हवं, म्हणजे डावीकडे लांब आणि उजवीकडे आखूड. बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा डाव्या पायाचं. दुसरी वाट, स्वस्तातलं जाड टोकाचं निब आणून बारीक पॉलिश पेपरवर पाण्याचा थेंब टाकून घासण्याची. गोंदिया ही राइस मिलांची नगरी, तेव्हा इथे वेगळं सांगायला नको: तांदूळ जास्त पॉलिश केला की कणी पडते, तसं निबाचंही होतं. दोन हात मारायचे, धुऊन लिहून पाहायचं, पुन्हा दोन हात. घाई केली तर मधली चीर उघडी पडते आणि पेन लिहिण्याऐवजी शाई वाटू लागतं.

तिसरी वाट जन्माने मिळते. डावखुऱ्या माणसाचं पेन डाव्या खांद्याकडे कललेलं असतं. तो हात ओळीच्या खाली ठेवून लिहीत असेल, तर साधं सरळ कापलेलं इटॅलिक निब त्याच्या हातात आपोआप देवनागरीच्या कलाने बसतं. इंग्रजीसाठी हेच त्याचं दुखणं असतं, म्हणून परदेशात डावखुऱ्यांसाठी वेगळी निबं बनवतात. ज्या पोराला शाळेत "उजव्या हाताने लिही" म्हणून छडी बसली, त्याच्याच हाताला "ठ"चा जाडपणा विनासायास साधतो. आता छडी मारणाऱ्या गुरुजींना शोधून हे सांगायला जावं, तर ते दुकानात कडक इटॅलिक मागत उभे असतात.

डाव्या हाताचा विषय निघाला की गांधीजींना वगळता येत नाही. १९०९ साली किल्डोनन कॅसल या बोटीवर त्यांनी "हिंद स्वराज" लिहिलं. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्याने लिहीत, आणि २७५ पानांपैकी सुमारे ४० पानं अशी डाव्या हाताची आहेत. आपलं अक्षर वाईट आहे याची खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने मांडली आहे. सुंदर अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग असला पाहिजे, या निष्कर्षावर ते आले होते. पेनाच्या बाबतीतही त्यांची निवड ठरलेली होती. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी बनवलेलं स्वदेशी शाईपेन त्यांना ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत मिळालं. संघाचं ठाणं तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पत्र पाठवून आभार मानले आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हे चांगला पर्याय दिसतं, असा शेरा दिला. पेन वापरून पाहिल्याचंही त्यात नमूद आहे. न वापरता शिफारस करणाऱ्यांच्या आजच्या जमान्यात एवढी तसदी कोण घेतो?

अशा हाताने घडवलेल्या देशी एबोनाइट पेनांत पुष्कळदा आत फिलर नसतो. ड्रॉपरने थेट पोटातच शाई भरायची. भरलेलं असेपर्यंत ते अत्यंत सज्जन असतं. शाई निम्म्यावर आली की वरच्या जागेत हवा येते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला खाली ढकलते. गोंदियाचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास गेला की पेनाला हाताची ऊबही लागत नाही, खिशातच त्याला पान्हा फुटतो. उपाय सोपा आहे: पोट रिकामं होऊ द्यायचं नाही. ही काळजी आपल्या गृहस्थाने स्वतःच्या बाबतीत कायम घेतलेली असते.

शाईची गोष्ट निघाली की दांडेकरांचं नाव घ्यावंच लागतं. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्या घोडा छापाच्या. पुढे शाईपेनांसाठी उंट आला, आणि कॅमल शाईची दौत मराठी घराघरांत, मराठी बोटाबोटांवर आणि मराठी सदऱ्यांच्या खिशांवर पोचली. पुढे ही कंपनी जपानच्या कोकुयोकडे गेली, पण डागांवर मालकी सांगायला कुणी आलं नाही. यातली रॉयल ब्ल्यू शाई दिसायला गोड, पण पाण्याला फार हळवी. जुलै-ऑगस्टच्या पावसात गोंदियात टाकलेलं पत्र भंडाऱ्याला पोचेपर्यंत "प्रिय"चं निळं तळं झालेलं असू शकतं. टिकाऊपणाच हवा तर जुनी लोहशाई होती. जंगलातला हिरडा आणि हिराकस यांची ती करामत, लिहिल्यावर हवेने काळी होत जाणारी. काजळी आणि डिंकाची शाई बोरूला उत्तम. तीच शाईपेनात भरली तर डिंक आत वाळतो, काजळी बसते आणि पेनाचं कायमचं मौनव्रत सुरू होतं. भरायची असेल तर शाईपेनाचीच शाई भरावी, हा नियम ऐकून दुकानदार "मंग का भरतेत जी लोक?" असं विचारतो, आणि त्याचा प्रश्न वाजवी असतो.

कागदाचंही तसंच. बल्लारपूरसारखी कागद गिरणी विदर्भातच उभी राहिली आणि इथल्या बांबूवर वाढली, पण म्हणून विदर्भातला प्रत्येक कागद इटॅलिकला मानवतो असं नाही. स्वस्त वहीचा कागद तहानलेला असतो. इटॅलिक निब साध्या निबापेक्षा जास्त शाई सोडतं, मग अक्षराला मुळ्या फुटतात आणि मागच्या पानावर आरशातलं मराठी उमटतं. कागद घ्यायचा तर आधी त्यावर "ठ" काढावा, पान उलटावं, आणि मागे काही दिसलं नाही तरच पैसे द्यावेत.

एवढं सगळं जमवलं तरी गोंदियातलं रोजचं लिखाण इटॅलिकची वाट बघत बसलेलं नसतं. मे महिन्यात जिल्ह्यातला सगळ्यात व्यग्र लेखनिक असतो तेंदूपत्त्याच्या फडीवरचा फडमुन्शी. गुडघ्यावर रजिस्टर, समोर पानांच्या पुड्यांची रांग, आणि भोवती मजुरी नीट लिहिली जाते का ते बघणारे डोळे. त्याच्या हातात कडक इटॅलिक दिलं तर एक पुडा नोंदवेपर्यंत शाई वाळायची. धान खरेदी केंद्रावर, मिलच्या पावतीपुस्तकात, लॉरीच्या बिल्टीवर कार्बन असतो. तीन प्रतींसाठी हात दाबावा लागतो, आणि इटॅलिक दाबलं की दोन फाटे पाय पसरून बसतात. कुरियरवाला तर बोटानेच काचेवर सही घेतो. तिथे सगळ्यांचं अक्षर सारखंच येतं, कलेक्टरचंही.

आणि मग बँक. रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाच्या खिशात ते नवं पेन झळकतं, आणि मागून अत्यंत नम्र आवाज येतो: "काकाजी, जरा पेन देता का? फॉर्म भराचा आहे." या विनंतीला नकार देण्याची रीत आपल्या समाजात नाही. काकाजी टोपण काढून फक्त पेन देतात, म्हणजे परत येईल. घेणारा पेन उलटं धरतो. मग नीट धरतो आणि बॉलपेनासारखं दाबतो. पेन कुरकुरतं, तो पेनाला झटकतो, शेजारच्या बाईंच्या पासबुकावर निळं नक्षत्र उगवतं. "चालून नाही राहिला जी तुमचा पेन," असं सांगून तो परत करतो आणि चौथ्या माणसाकडून दहा रुपयांचं बॉलपेन घेऊन मोकळा होतो. अनुभवी शाईपेनवाले म्हणून खिशात दोन पेनं ठेवतात. एक लिहायचं, एक द्यायचं.

एवढं होऊनही घ्यायचंच ठरलं, तर दुकानात चाचणी कशी घ्यायची? बहुतेक जण आपली सही करतात. सही कुठल्याही पेनाने वाचता येत नाहीच, मग तिने काय सिद्ध होणार? गोंदियाच्या गिऱ्हाइकाने आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके लिहून पाहावेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा निबाच्या परीक्षेसाठीच आखल्यासारखा आहे. "गोंदिया"त ओकार, अनुस्वार आणि वेलांटी एका दमात येतात. "तिरोडा"त "ड"ची गाठ, "सालेकसा"त "क"चं पोट. "आमगाव" आणि "देवरी" म्हणजे निबाला श्वास घ्यायला जागा. "अर्जुनी मोरगाव" आणि "सडक अर्जुनी" यांतले दोन्ही रफार स्पष्ट उठले, "सडक"ची "सडके" झाली नाही आणि दोन अर्जुनी एकमेकींपासून वेगळ्या वाचता आल्या, तर निब पास.

आठवा तालुका गोरेगाव. त्याच्यासाठी कितीही महागाचं निब घ्या, धार कोणत्याही अंगाला काढा, "ग" आणि "र" मोत्यासारखे काढा. खाली ठळक अक्षरांत "जिल्हा गोंदिया" आणि पिनकोड लिहिला नाही, तर पत्र मुंबईत पश्चिम रेल्वेच्या गोरेगाव स्टेशनाबाहेर पत्ता विचारत फिरतं. आणि तिथले लोक अक्षराचं कौतुक करून ते परत पाठवतात.